लेख काढून टाकला, आता पुढे काय?

पत्र : आमच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचा सात जणांचा गट आहे. पावसाळ्यात आम्ही मराठी विकिपीडियावर परिसरातली गावं, देवळं, लिंबची बारा मोटांची विहीर आणि आमच्या गावचे एक दिवंगत शिक्षक असे मिळून चौदा लेख लिहिले. त्यातले चार काढून टाकले गेले. विहिरीच्या लेखातले दोन परिच्छेद उडाले आणि उरलेल्या मजकुरावर जागोजागी ‘संदर्भ हवा’ असं लागलं. आमच्यातल्या एका तरुण सदस्यानं उडालेला मजकूर तीन वेळा परत टाकला, तर त्यालाच ताकीद मिळाली. प्रत्येक लेख आम्ही एकमेकांना वाचायला देऊन, शुद्धलेखन तपासून मगच टाकला होता. सगळे नाराज आहेत. हे काम सोडावं का? आणि सोडायचं नसेल तर नेमकं कसं करावं?
— एक ग्रंथपाल, सातारा जिल्हा

उत्तर :

सप्रेम नमस्कार ताई,

सोडू नका. मराठी विकिपीडिया २००३ पासून सुरू आहे, तरी कितीतरी गावांच्या पानांवर ‘हे अमुक तालुक्यातील एक गाव आहे’ यापलीकडे काही नाही. हाताशी वाचनालय असलेला गट तिथं हवाच आहे. इतरांना जे संदर्भग्रंथ शोधत फिरावं लागतं, ते तुमच्या कपाटात आहेत.

अडचण कुठे आली ते तुमच्याच पत्रात आहे. लेख एकमेकांना वाचायला दिले, शुद्धलेखन पाहिलं. पण विकिपीडियावर तपासणी म्हणजे दुसऱ्या माणसानं संदर्भ उघडून, त्यातली ओळ वाचून, ती लेखातल्या वाक्याशी ताडून पाहणं. भाषा नीट आहे की नाही हा नंतरचा प्रश्न. लेख चांगला वाचला जातो म्हणून खरा वाटतो, आणि सात जणांनी वाचूनही त्यातली चूक तशीच राहते, कारण सातही जणांनी तीच गोष्ट लहानपणापासून ऐकलेली असते. तुमच्या गावाबाहेरचा वाचक, समजा नागपूरचा किंवा न्यू जर्सीचा, ते वाक्य कशाच्या आधारावर मानेल, इतकाच विचार तिथं होतो.

म्हणून कामाचा क्रम उलटा करा. आज तुम्ही आधी लिहिता आणि मग संदर्भ शोधता. त्यात असं होतं की वाक्य आधीच आवडलेलं असतं आणि त्याला जुळेल असा कुठलाही दुवा आपण चिकटवून देतो. आधी संदर्भ गोळा करा, त्यांतून टिपणं काढा आणि टिपणांत असेल तेवढंच लिहा. गटासाठी एक सामायिक तक्ता उघडा. त्यात पाच रकाने पुरतात : लेखातलं वाक्य, ग्रंथ किंवा बातमी, पान क्रमांक, मूळ ओळ जशीच्या तशी, आणि तपासणाऱ्याचं नाव. लिहिणारा आणि तपासणारा एकच असता कामा नये. तपासणाऱ्यानं प्रत्येक ओळीपुढे ‘जुळलं’, ‘अर्धं जुळलं’ किंवा ‘नाही’ एवढंच लिहावं. सगळ्यात जास्त लक्ष ‘अर्धं जुळलं’वर द्या. मूळ ग्रंथात ‘बांधली असावी’ असतं आणि लेखात ‘बांधली’ होतं. ग्रंथात एका देवळाबद्दल लिहिलेलं लेखात साऱ्या गावाला लागू होतं. घरच्या माणसांच्या हातून होणाऱ्या चुका बहुतेक याच जातीच्या असतात.

आता तुमची विहीरच घेऊ, कारण या एका लेखात जवळजवळ सगळे पेच आहेत.

विहिरीवर शिलालेख आहे आणि बांधकामाचा काळ शके १६४१ ते १६४६ असा दिला जातो. शकाचं इसवी सन करताना ७८ मिळवायचे, म्हणजे १७१९ ते १७२४. साधी बेरीज-वजाबाकी विकिपीडियावर ‘स्वतःचं संशोधन’ धरली जात नाही, ती चालते. मात्र शकवर्ष चैत्रात सुरू होतं. घटना पौषाच्या उत्तरार्धातली, माघातली किंवा फाल्गुनातली असेल तर ती पुढच्या जानेवारी ते मार्चमध्ये पडते आणि ७९ मिळवावे लागतात. शिलालेखात महिना नसेल तर एका सालाचा हट्ट धरू नका. लेखात शक आणि सन दोन्ही द्या, म्हणजे पुढच्या माणसाला पडताळता येईल.

शिलालेख तुम्ही स्वतः जाऊन वाचलात आणि त्यावरून लिहिलंत, तर तो लेख टिकणार नाही. दगडावरची अक्षरं लावणं, गळलेली अक्षरं भरणं, त्यांचा अर्थ सांगणं हे संशोधकाचं काम, आणि ते आधी कुठेतरी छापलेलं असायला हवं. कुणी तो शिलालेख वाचून प्रसिद्ध केला असेल तर त्या ग्रंथाचा किंवा नियतकालिकाचा संदर्भ द्या. तुमच्या फोटोचा उपयोग चित्र म्हणून करा, पुरावा म्हणून नको.

विहिरीची खोली ११० फूट आणि व्यास ५० फूट हे आकडे सगळीकडे फिरतात. दहा संकेतस्थळांवर तेच आकडे दिसले म्हणून दहा संदर्भ होत नाहीत. सगळ्यांनी एकाच ठिकाणाहून उचललेले असू शकतात. मोजलं कुणी, हे सांगणारा ग्रंथ किंवा अहवाल सापडेपर्यंत ‘अमुक वृत्तपत्रानुसार सुमारे’ असं लिहा, नाहीतर तो आकडा सोडून द्या. इथं एक सापळा नेहमी आडवा येतो. एखाद्यानं विकिपीडियावर आकडा टाकलेला असतो, वर्षभरानं एक पत्रकार तो तिथून उचलतो आणि मग तीच बातमी विकिपीडियावर संदर्भ म्हणून येते. हे ओळखायचं तर लेखाच्या ‘इतिहास पहा’मध्ये जाऊन ते वाक्य कोणत्या तारखेला आलं ते पाहा. बातमी त्यानंतरची असेल आणि शब्द तेच असतील, तर ती बातमी बाजूला ठेवा.

विहीर बांधवणाऱ्या विरूबाईंचं साताऱ्याच्या छत्रपती शाहूंशी नातं सगळीकडे एकाच शब्दात सांगितलेलं नाही. पर्यटनाच्या लेखांत एक लिहिलेलं असतं, इतिहासग्रंथांत दुसरं. इथं गावाच्या भावना मध्ये येतात, हे समजण्यासारखं आहे. तरी आपल्याला आवडेल ती बाजू निवडू नका. ‘अमुक ग्रंथकार असे म्हणतात, तमुक असे म्हणतात’ अशा दोन्ही बाजू नावानिशी द्या आणि कसलेल्या इतिहासकाराच्या ग्रंथाला फिरत्या लेखापेक्षा जास्त जागा द्या. तटस्थ राहायचं म्हणजे दोन्ही बाजूंना निम्मी निम्मी जागा द्यायची असा अर्थ नाही. ज्या बाजूला जसा पुरावा, तशी तिला जागा.

‘अशी विहीर जगात दुसरी नाही’, ‘अद्वितीय स्थापत्याचा नमुना’ असलं काही उडालं असेल तर ते बरोबरच उडालं. त्याऐवजी अष्टकोनी आकार, पायऱ्या, मोटा ओढण्याची जागा यांचं साधं वर्णन संदर्भासह द्या. वाचक थक्क व्हायचा तो तेवढ्यानं होतो. तसंच ‘असे म्हटले जाते’, ‘जाणकारांच्या मते’ ही सुरुवात दिसली की तपासणाऱ्यानं तिथं खूण करावी : कोण म्हणतं? आख्यायिका जरूर लिहा, पण ‘आख्यायिकेनुसार’ असं स्पष्ट लिहून, आणि ती कुठे छापली आहे ते देऊन.

संदर्भ कोणते चालतील? तुमच्या जिल्ह्यासाठी पहिलं पुस्तक म्हणजे मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा, म्हणजे जिल्हावार माहितीच्या सरकारी ग्रंथमालेचा, साताऱ्याचा खंड, १८८५ चा. ठिकाणांचं वर्णन त्यात वेगळ्या प्रकरणात वर्णानुक्रमानं आहे. तो खंड वापरताना दोन गोष्टी सांभाळा. त्यातली लोकसंख्या, बाजाराचे वार, रस्ते हे सगळं एकोणिसाव्या शतकातलं आहे. वाक्यात तसं लिहा. आणि जातिजमातींबद्दल इंग्रज अधिकाऱ्यांनी केलेली शेरेबाजी आज वस्तुस्थिती म्हणून उतरवू नका. आजच्या लोकसंख्येसाठी जनगणनेची जिल्हा पुस्तिका घ्या आणि ‘२०११ च्या जनगणनेनुसार’ असं लिहा. ‘गावाची लोकसंख्या इतकी आहे’ असं लिहिलेलं वाक्य दर वर्षी अधिकाधिक खोटं होत जातं.

मराठी विश्वकोश हा उत्तम संदर्भ आहे, पण त्यातला मजकूर उचलता येत नाही. तुमचे चार लेख गेले त्यातला एखादा तरी याच कारणानं गेला असावा, कारण विकिपीडियावर सगळ्यात झटपट काढला जातो तो दुसरीकडून उतरवलेला मजकूर. चार शब्द इकडचे तिकडे केल्यानं तो आपला होत नाही. वाक्यांचा क्रम, उदाहरणं, रचना तीच राहिली तरी ती नक्कलच. मूळ पान मिटून टिपणावरून लिहिलं की हा दोष बहुतेक टळतो. तपासणाऱ्यानं लेखातले सलग आठ-दहा शब्द अवतरणचिन्हांत घालून शोधयंत्रात टाकून पाहावेत, दर परिच्छेदाला एकदा तरी.

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर १९३७ मध्ये वारले, त्यामुळे त्यांचं लेखन केव्हाच मुक्त झालं आहे. असा मजकूर घेतला तरी तो कुठून घेतला हे लिहावं लागतंच, आणि शंभर वर्षांपूर्वीची माहिती आजची म्हणून खपवता येत नाही. देवस्थानाच्या स्मरणिकेबद्दल म्हणाल, तर विश्वस्तांनी ‘घ्या की’ म्हणणं पुरत नाही. विकिपीडियाचा मजकूर कुणीही, अगदी व्यापारी कामासाठीही, श्रेय देऊन वापरू शकतो अशा परवान्याखाली असतो. तशी लेखी परवानगी हक्क असलेल्या व्यक्तीनं द्यावी लागते. त्यापेक्षा स्मरणिका वाचून आपल्या शब्दांत लिहिणं सोपं.

वृत्तपत्रांबाबत तुमचं वाचनालय फार मोलाचं आहे. दुवे मरतात; ई-पेपरचा दुवा तर काही महिन्यांत उघडेनासा होतो. म्हणून वृत्तपत्राचं नाव, आवृत्ती, तारीख आणि पान क्रमांक हे चारही लिहा. दुवा नसला तरी असा संदर्भ ग्राह्य असतो. दुवा असेल तर लेखात टाकण्यापूर्वी तो वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या संकेतस्थळावर, जतन करून त्याचाही पत्ता द्या. यथादृश्य संपादकात, म्हणजे पान जसं दिसतं तसंच लिहू देणाऱ्या संपादन-खिडकीत, दुवा टाकला की संदर्भ आपोआप तयार होतो, पण मराठी वृत्तपत्रांच्या बाबतीत लेखकाच्या जागी संकेतस्थळाचं नाव येणं, तारीख गळणं हे वारंवार होतं. आपोआप झालेला संदर्भ हातानं दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाऊ नका. जुन्या पीडीएफमधून मजकूर घेताना अक्षरांचा चिखल होतो, कारण तो युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये असतो. अशी ओळ परत टंकित करणं हाच खात्रीचा मार्ग.

देवळांच्या लेखांना फारसं वेगळं काही नाही. गावांचे लेख सहसा टिकतात, फक्त रिकामे मथळे टाकून ठेवू नका. ‘हवामान’, ‘लोकजीवन’, ‘नागरी सुविधा’ असे पाच मथळे आणि प्रत्येकाखाली कुठल्याही गावाला लागू पडेल असं एक वाक्य, यापेक्षा संदर्भ असलेली सहा वाक्यं आणि एक चांगला फोटो कधीही बरा.

आता गुरुजींचा लेख. काढलेल्या चारांत तो असावा. याबद्दल तुम्हाला सर्वांत जास्त वाईट वाटलं असेल आणि त्यात काही गैर नाही. पण इथं माणसाचं मोठेपण मोजलं जात नाही. त्यांच्यावर, त्यांच्याशी संबंध नसलेल्यांनी, सविस्तर लिहिलेलं छापील साहित्य आहे का, एवढंच पाहिलं जातं. निधनाची छोटी बातमी, सत्काराचं वृत्त, त्यांच्याच संस्थेची स्मरणिका यांनी ते भागत नाही. दोन-तीन स्वतंत्र, सविस्तर लेख किंवा ग्रंथातलं प्रकरण हवं. ते नसेल तर आज तो लेख परत टाकण्याचा प्रयत्न नको. त्यांच्या विद्यार्थ्यांच्या आठवणी, कागदपत्रं, फोटो वाचनालयातर्फे नीट गोळा करून छापा. एखाद्या अभ्यासकाला ते साहित्य खुलं करा. पुढे कुणी स्वतंत्रपणे त्यावर लिहिलं तर तो संदर्भ होईल. दरम्यान शाळेवर लेख असेल आणि एखाद्या स्वतंत्र संदर्भात त्यांचा उल्लेख असेल, तर तिथं एक वाक्य येऊ शकतं. लेखात ‘परमपूज्य’, ‘आदरणीय’, ‘थोर’ ही विशेषणं लावू नका. आदरार्थी बहुवचन मराठीत आपसूक येतं, तेवढं पुरे. हयात व्यक्तींवर लिहाल तेव्हा याहून कडक राहा. वादाची कुठलीही गोष्ट संदर्भाशिवाय एक क्षणही ठेवू नये, पत्ता, फोन, मुलाबाळांची नावं टाकूच नयेत. आणि गटातल्या कुणाचं नातं किंवा पद त्या विषयाशी जोडलेलं असेल तर त्यानं लेखात हात न घालता लेखाला जोडलेल्या चर्चा पानावर सूचना लिहावी, नातं उघड सांगून.

तुमच्या तरुण सदस्याला समजावून सांगा की ताकीद म्हणजे हकालपट्टी नव्हे. कुणी मजकूर काढला की तो परत टाकण्याआधी चर्चा पानावर जायचं, हा तिथला रिवाज आहे. इंग्रजी विकिपीडियावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचे बदल उलटवणाऱ्याला, त्याचं म्हणणं बरोबर असलं तरी, संपादनापासून रोखता येतं. इतिहासात प्रत्येक बदलापुढे केलेल्याचं नाव आणि बहुधा कारण असतं. ते वाचा. मग लेखाच्या चर्चा पानावर असं काही लिहा :

‘नमस्कार. आपण विहिरीच्या बांधकामाबद्दलचा परिच्छेद संदर्भ नसल्याने काढला. आता माझ्याकडे अमुक ग्रंथ, पान अमुक, असा संदर्भ आहे. त्यातील ओळ खाली देत आहे. या आधारे पुढील दोन वाक्ये घालावीत असे सुचवतो. आपले मत कळवावे.’

खाली चार वेळा नागमोडी चिन्ह (~) टाकलं की सही आणि वेळ आपोआप येते. उत्तराला काही दिवस द्या. समोरचाही नोकरी-संसार सांभाळून हे करणारा स्वयंसेवकच आहे. उत्तर आलं नाही तर चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सर्वसाधारण चर्चेच्या पानावर, विचारा. एक मात्र कटाक्षानं टाळा : वादात गटातल्या सातही जणांनी येऊन ‘सहमत’ लिहू नका. तिथं मतं मोजत नाहीत, मुद्दे पाहतात, आणि एकाच ठिकाणची सात नवी खाती एकदम आली तर ती एकाच माणसाची असल्याचा संशय येतो. गटाचे आहात हे आपापल्या सदस्य पानावर आधीच लिहून ठेवा.

काढून टाकलेले चार लेख नाहीसे झालेले नाहीत. प्रचालकांना, म्हणजे पानं काढण्याचे अधिकार असलेल्या सदस्यांना, काढलेलं पान दिसतं. ज्या प्रचालकानं काढलं त्याच्या सदस्य चर्चा पानावर नम्रपणे कारण विचारा आणि ‘सुधारण्यासाठी तो माझ्या धूळपाटीवर आणून देता येईल का’ असं लिहा. धूळपाटी म्हणजे सदस्याचं कच्च्या लेखनाचं पान. नक्कल हे कारण असेल तर तो मिळणार नाही, बाकी कारणांत बहुधा मिळतो.

पुढचे लेखही धूळपाटीवरच तयार करा. सदस्य नावाच्या पुढे तिरकी रेघ देऊन विषयाचं नाव टाकलं की प्रत्येक विषयाची वेगळी धूळपाटी होते. तक्त्यात सगळ्या ओळींपुढे ‘जुळलं’ आलं की पान स्थानांतरित करा, म्हणजे इतिहासासकट लेखाच्या नावावर हलवा. मजकूर उचलून नव्या पानावर चिकटवू नका, कारण मग तिघांनी लिहिलेलं एकाच्या नावावर पडतं आणि कुणी काय लिहिलं याचा इतिहास तुटतो. परवान्याला तो इतिहास लागतो. इंग्रजी लेखावरून भाषांतर केलं असेल तर बदलाच्या सारांशात मूळ लेखाचं नाव द्या, आणि त्यातले संदर्भ स्वतः उघडून पाहिल्याशिवाय मराठीत आणू नका. यंत्रानं केलेलं भाषांतर तर ओळन् ओळ नव्यानं लिहावं लागतं.

खातं एका माणसाचं एकच. वाचनालयाच्या नावानं सगळ्यांनी मिळून एक खातं वापरणं चालत नाही. नव्या मुलांना घेऊन कार्यशाळा करणार असाल तर लक्षात ठेवा, एका इंटरनेट जोडणीवरून दिवसाला साधारण सहाच खाती उघडता येतात. सातव्या मुलाला अडकल्यावर सगळा वर्ग थांबतो. म्हणून खाती आदल्या दिवशी घरूनच उघडून यायला सांगा.

फोटो ज्यानं काढला त्यानंच, आपल्या खात्यावरून, फोनमधली मूळ फाइल विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रांच्या सामायिक भांडारात, चढवावी. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेल्या फोटोतली कॅमेरा आणि तारखेची नोंद गळालेली असते, त्यामुळे तो दुसऱ्याचा असल्याची शंका घेतली जाते. सार्वजनिक जागेतली इमारत किंवा पुतळा यांचे फोटो भारतात चालतात. भिंतीवरच्या अलीकडच्या चित्राचा फोटो मात्र त्या चित्रकाराच्या हक्कात येतो. घरातला जुना फोटो आपल्या पेटीत आहे म्हणून हक्क आपला होत नाही, तो कुणी आणि कधी काढला ते आधी शोधा.

सुरुवात विहिरीच्याच लेखापासून करा. दोघांनी ग्रंथ काढावेत, एकानं लिहावं, दोघांनी तक्त्यावर ताडून पाहावं, एकानं फोटो आणि नकाशावरचं स्थान बघावं. सातव्यानं, शक्यतो ज्याला ताकीद मिळाली त्यानंच, लेख आपल्या पहाऱ्याच्या यादीत घालून त्यावर येणारे बदल आणि चर्चा पानावरचे प्रश्न सांभाळावेत. हा लेख टिकला की मग धूळपाटीवर परत मिळालेल्या लेखांपैकी ज्याला सर्वांत जास्त छापील संदर्भ आहेत तो घ्या.